श्वासनळीतलं दही

मेलेल्या माणसाला काय झालं होतं, हे त्याच्या अंगातल्या जंतूंना विचारायचं, हे माझं काम. मस्कतमधल्या एका प्रयोगशाळेत सोळा वर्षं मी हेच करते आहे. शवविच्छेदन करणारे डॉक्टर हृदयातलं रक्त, प्लीहेचा तुकडा, मणक्यातलं पाणी असं काहीबाही डब्यांतून पाठवतात. मी ते काचेच्या थाळ्यांत पसरून ऊबदार कपाटात ठेवते आणि दोन दिवसांनी काय उगवलं ते बघते. नवरा लोकांना सांगतो, "श्यामला लॅबमध्ये असते." पुढचं तो सांगत नाही, कारण एकदा सांगितलं होतं तर समोरच्या बाईने माझ्या हातच्या पुरणपोळीची ताटली खाली ठेवली होती.

विरजण मात्र सगळ्यांना माझंच लागतं! ओमानमध्ये बाहेर भट्टी आणि घरात एसी, त्यामुळे दही एक तर आंबून जातं, नाही तर दुधाचं दूधच राहतं. माझ्या सासूबाईंचं विरजण असलं काही मानत नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते सांगलीत रुमालावर वाळवून माझ्या पर्समध्ये घातलं होतं. तेव्हापासून अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगमधून ते वाटीवाटीने कुठे कुठे गेलं, याचा मी हिशोब ठेवला नव्हता. तो पुढे पोलिसांनी ठेवला.

जूनच्या आठ तारखेला मस्कतपासून दोनशे किलोमीटरवरच्या सोहारमध्ये धनंजय नावाचा एक क्रेन चालवणारा माणूस मेला. वय अडतीस, गाव लांज्याजवळ. त्या दिवशी तो सुट्टीवर घरी निघाला होता. संध्याकाळचं विमान, चार वाजता मस्कतला निघणारी गाडी, बॅग भरून दाराशी ठेवलेली. दोन वाजता खोलीतला सोबती ड्यूटीवरून आला तर हा पलंगावर गार. म्हणजे गार नव्हता, पण त्याबद्दल पुढे सांगते.

तीन दिवसांनी मी त्याच्या थाळ्या उघडल्या. रक्त, प्लीहा आणि मणक्यातलं पाणी, तिन्हीकडे एकच जंतू, न्यूमोकोकस. हा फुप्फुसात शिरतो, मेंदूच्या आवरणात शिरतो, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर धडधाकट माणसाला दोन दिवसांत नेतो. इथपर्यंत सरळ होतं. मग मी श्वासनळीतून घेतलेल्या बोळ्याची थाळी उघडली.

थाळ्यांचा वास घेऊ नये असा नियम आहे. मी नवख्या मुलींना त्यावरून फैलावर घेते. पण या थाळीला नाकापाशी न्यावं लागलं नाही. झाकण उचललं आणि मला एकदम स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटलं.

"श्यामला, ये क्या है?" आमच्या प्रमुख डॉक्टर मुनिबा माझ्या मागे उभ्या होत्या.

"दही," मी म्हणाले.

"दही जैसा कुछ?"

"जैसा नहीं, मॅडम. दही."

शवविच्छेदनाच्या कागदावरही लिहिलेलं होतं, श्वासनळीत पांढरा, घट्टसर पदार्थ. दुसऱ्या दिवशी खमीस नावाचे पोलीस अधिकारी आले. तरुण, अतिशय सभ्य आणि डोक्याला ताप. त्यांच्याकडे साक्षीदार होता. आठ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास कामगारांच्या कॅम्पमधल्या मेसचा आचारी तानाजी हा वाटी आणि चमचा घेऊन धनंजयच्या खोलीतून बाहेर पडताना शेजाऱ्याने पाहिला होता. तानाजीला विचारलं तर आधी म्हणाला, मी गेलोच नाही. मग म्हणाला, गेलो होतो, पण काही केलं नाही. वाटीत काय होतं म्हटल्यावर त्याने तोंडाला जे कुलूप लावलं, ते लावलंच.

"त्याने दही कोंबून त्या माणसाला गुदमरवलं," खमीस म्हणाले. त्यांचं हिंदी आमच्या नवऱ्याच्या हिंदीपेक्षा चांगलं होतं.

"दह्याने कोणी खून करतं का?" मी विचारलं.

"म्हणूनच तर कोणाला संशय आला नसता."

 तानाजीला देश सोडायची बंदी घातली होती. आणि नेमकं एकवीस तारखेला पाटण तालुक्यातल्या त्याच्या गावी त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, मैनाचं, लग्न होतं. अठराचं तिकीट होतं. हे मला खालच्या मजल्यावरच्या सुरैयाने सांगितलं. ती रत्नागिरीची. तिचा नवरा मजीद त्या मेसला किराणा पोचवतो, त्यामुळे तानाजीचं सगळं दुःख त्यांच्या घरात येऊन बसलं होतं.

"गो श्यामला, तुझ्या हातात हाय ना ता रिपोर्ट," सुरैया म्हणाली. "त्या माणसान् मुंगी पन मारलीली नाय."

"मग तोंड का उघडत नाही तो?"

"ता अल्लाला म्हाईत."

खमीस यांनी तानाजीच्या मेसमधलं दही आणलं. बादलीभर. बादलीला लाल लाखेचं सील. त्यातले जंतू आणि धनंजयच्या श्वासनळीतले जंतू आम्ही जनुकं वाचणाऱ्या यंत्रात घातले, आणि यंत्राने सांगितलं की दोन्ही तंतोतंत एक. खमीस यांचा चेहरा उजळला. मला मात्र ते नाव-गाव-कूळ ओळखीचं वाटायला लागलं होतं; सुरैयाला विरजण मीच दिलं होतं, आणि मजीद त्या मेसमध्ये जायचा. मी म्हणाले, "साहेब, जरा थांबा," आणि दुसऱ्या दिवशी घरचं दही घेऊन आले. तेही तंतोतंत एक.

खमीस यांनी वही काढली. "आठ तारखेला दुपारी बारा वाजता आपण कुठे होता?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"इथेच होते!"

"साक्षीदार?"

"ये मेरे साथ थी," डॉक्टर मुनिबा गंभीरपणे म्हणाल्या, आणि खमीस यांनी ते लिहून घेतलं.

मग मला राग आला. विरजण ही मागून आणायची गोष्ट आहे, एकाचं दहा घरांत जातं, त्यावरून खुनी ठरत नाही, हे मी तीनदा समजावलं. ते म्हणाले, सिद्ध करा. मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "एका निरपराध माणसासाठी सर्वांनी आपापल्या घरचं दही प्रयोगशाळेत आणून द्यावं. झाकणावर नाव लिहावं." आपल्या लोकांना वर्गणी मागा, कोणी फोन उचलत नाही. दही मागितलं तर त्रेचाळीस वाट्या आल्या. कोणी वर केशर घातलं होतं. एकीने सोबत लोणचं पाठवलं होतं, नुसतं दही कसं द्यायचं म्हणून.

इब्रीहून शाहबाज नावाचे दुकानदार स्वतः गाडी चालवत आले, बर्फाच्या पेटीत दही ठेवून. महाडचे. त्यांचं म्हणणं, त्यांचं विरजण त्यांच्या अम्मीचं आहे, त्याचा माझ्या विरजणाशी काही संबंध नाही, आणि हे लेखी मिळावं. यंत्राने सांगितलं, माझंच आहे. शाहबाजभाई म्हणाले यंत्र बिघडलंय. मग हळूच म्हणाले की मागल्या रमजानमध्ये बायको सुरैयाच्या बहिणीकडे राहिली होती खरी.

आणि तिसऱ्या मजल्यावरची प्रेमा! सहा वर्षं ही बाई मला सांगत आली होती, "आमच्याकडे, बाई, मागायची पद्धतच नाही, आमचं विरजण माहेरचं." तिचंही माझंच निघालं. खुनाचा तपास चालला होता, एका मुलीचं लग्न अडलं होतं, मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

खमीस यांनी भिंतीवर मोठा कागद लावला. त्रेचाळीस नावं, त्यांना जोडणाऱ्या लाल रेघा, आणि मधोमध माझा ओळखपत्रावरचा फोटो. मस्कत, सोहार, इब्री, सगळ्या रेघा माझ्यापाशी येत होत्या. त्यांनी हात बांधून त्याकडे पाहिलं आणि कबूल केलं की जंतू जुळले म्हणून तानाजी दोषी ठरत नाही.

"पण प्रश्न राहतोच," ते म्हणाले. "दही तिथे गेलं कसं?"

डॉक्टर मुनिबांनी त्यांना बसवून समजावलं. मेल्यावर आतड्यातले जंतू भिंती ओलांडून अंगभर भटकतात हे खरं, पण तेव्हा सगळ्या जातींची जत्रा भरते. इथे रक्त, प्लीहा आणि मणक्यातलं पाणी, तिन्हीकडे एकटाच न्यूमोकोकस. म्हणजे तो मरणाआधी आला होता, आणि त्यानेच मारलं. राहिलं दही. जिवंतपणी ते श्वासनळीत गेलं असतं तर माणूस खोकला असता, ते फुप्फुसात खोल ओढलं गेलं असतं. तसं काही झालं नव्हतं. दही वरच्या वर बसलं होतं.

"म्हणजे श्वास थांबल्यावर गेलं," खमीस म्हणाले.

"हाँ."

"म्हणजे कोणीतरी मेलेल्या माणसाला दही खाऊ घातलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "का?"

 याला उत्तर मिळाल्याशिवाय फाईल बंद होणार नव्हती, आणि फाईल बंद झाल्याशिवाय तानाजीची बंदी उठणार नव्हती. तारीख पंधरा झाली होती.

सोळा तारखेला सकाळी माझी मुलगी रेवा युनिट टेस्टला निघाली. मी नेहमीसारखी चमचाभर दही घेऊन दारात उभी. आमची रेवा मराठी बोलते, पण भाड्याच्या घरात वावरावं तशी जपून.

"आई, नॉट अगेन. माझा हात स्टिकी होते."

"होतो. हात होतो. खा."

"ओके, पण व्हाय? रोज नाही देत. फक्त जाताना का?"

"जाताना द्यायचं असतं," मी म्हणाले, "म्हणजे माणूस सुखरूप..." आणि तशीच उभी राहिले. दाराशी ठेवलेली बॅग. चार वाजताची गाडी. वाटी आणि चमचा. सोळा वर्षं मी सूक्ष्मदर्शकातून बघते आहे आणि ही एवढी मोठी गोष्ट मला दिसली नव्हती! रेवा खाली गेली आणि मी कपडे न बदलता सुरैयाच्या दारात.

तानाजी तिथेच होता. पोलिसांत सही करायला त्याला एक दिवसाआड मस्कतला यावं लागे. पन्नाशीचा, जाडसर, हाताला भाजल्याचे डाग. सोफ्याच्या अगदी कडेला बसून चहाच्या कपाकडे बघत होता.

"तानाजीराव, तुम्ही धनंजयला निघताना दही द्यायला गेला होतात ना?"

त्याने कप खाली ठेवला आणि तोंडावर पालथा हात धरून रडायला लागला. सुरैयाने मला डोळ्यांनी दटावलं, पण मी हटले नाही. पाच मिनिटांनी तो बोलला.

"वीस वरसं झाली बाई, माझ्या मेसमधनं कुणी दह्याबिगर गावाला गेलं न्हाई. हितं कुणाची आई हाय, कुणाची बायकू हाय दही द्यायला? म्हणून म्या देतो. त्यो दोन दिस तापानं फणफणला व्हता. डाक्टरकडं जा म्हटलं तर म्हणं, ताप दिसला तर इमानात घेत न्हाईत. गोळ्या खाऊन पडला व्हता. चारला मेसमदी माझा हात रिकामा नसतोय, म्हणून बारा वाजताच म्या गेलो. हाक मारली. म्हटलं, झोपलाय."

"अहो, पण हात लावला असेल ना? अंग गार लागलं नाही?"

"कुठलं गार? गरम व्हतं! एसी बंद करून बसलेलं. जूनमदी सोहारात बंद खोलीत, बाई, मेलेला माणूसबी गरमच लागतो." त्याने डोळे पुसले. "हात पुढं करंना. मुठीत दही राहीना. मग म्हटलं, तोंडात घालू. दोन चमचं घातलं. शिवीबी दिली त्याला, 'गिळ की लेका, गाडी यील.' आन् दोन वाजता कळलं."

सुरैया पदर तोंडाला लावून उभी होती. ती रडत होती की हसू दाबत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं तर दोन्ही होत होतं.

"मग हे सांगायचं ना पोलिसांना! आठ दिवस काय मौन पाळलंत?"

"सांगू कसं? मयताला दही चारलं म्या. मैनाचं लगीन तोंडावर. हे गावात कळलं तर म्हणतील, याच्या हातातलं शकुनाचं दही मड्याच्या तोंडात गेलं, आन् आता ह्योच हात कन्यादान करणार. व्याही तितनंच माघारी फिरंल."

"आणि खुनी म्हटलं तर चालेल?"

त्याने खरंच विचार केला. "खुनी म्हटलं तर मानसं घाबरत्यात, बाई. अपशकुनी म्हटलं तर लगीन मोडतंय."

मी कपाळावर हात मारला. मी म्हणाले, तुरुंगातून कन्यादान कसं करणार ते तरी सांगा. मग सुरैयाने त्याच्यापुढे बशी सरकवली आणि शांतपणे म्हणाली, "तानाजीभाऊ, घराकडं जायला निघालेल्या मान्साच्या मुखात तुमी घास दिलास. यात वाईट काय हाय?" माझ्या ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग झाला. तो यायला तयार झाला. अट एकच, गावात कळता कामा नये.

खमीस यांनी सगळं ऐकून घेतलं. दुभाषी मी. मध्येच त्यांनी विचारलं, "हे दही दिलं की काय होतं?"

"माणूस सुखरूप पोचतो. परत येतो."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तो तसाच जातो," मी म्हणाले. 

त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे, म्हणजे माझ्या फोटोकडे, पाहिलं. "माझी आई मला दीड तासावरच्या निझव्याला जातानासुद्धा खजूर आणि कॉफीशिवाय उंबरा ओलांडू देत नाही," ते म्हणाले. "पण ती आधी मी जिवंत आहे का ते बघते."

अहवाल त्याच दिवशी पुरा झाला. मृत्यूचं कारण, न्यूमोकोकसमुळे मेंदूच्या आवरणाची सूज. श्वासनळीतला पदार्थ, दही, मृत्यूनंतर, निरोपाच्या रिवाजाप्रमाणे, वाईट हेतू नाही. असं वाक्य आपण आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, असं डॉक्टर मुनिबा म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. बंदी उठली. भिंतीवरचा कागद मी मागितला, पण तो सरकारी मालमत्ता असल्याचं कळलं.

अठरा तारखेला दुपारी तानाजी सुरैयाच्या घरून विमानतळावर निघाला. त्याच विमानातून धनंजयची पेटी जाणार होती. कंपनीला सोबत कोणी तरी हवंच होतं, तानाजीने होकार दिला होता. मजीद खाली गाडी काढत होता, तेवढ्यात तानाजीचा फोन वाजला. त्याने नंबर पाहिला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"धनंजयची मंडळी. कलावती वयनी. बाई, तुमीच बोला."

तिला कंपनीच्या माणसाने फोनवर अहवाल वाचून दाखवला होता. पूर्ण. दह्यासकट.  लांजा आणि पाटण, मध्ये एक घाट. या बाईने चार ठिकाणी सांगितलं की मैनाचं लग्न संपलं.

"त्यांना दही कोणी दिलं होतं?" तिने विचारलं. आवाज अगदी सपाट होता.

"अहो, रिपोर्टमध्ये तशी भाषा असते..." मी सुरू केलं. जंतूंची नावं मी धडाधड सांगू शकते, पण हे मला जमेना.

"मला नाव सांगा."

मी तानाजीकडे पाहिलं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले. "म्या दिलं, वयनी. मेसवाला तानाजी. मला ठावं नव्हतं त्यो गेलाय. माफी करा."

फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.  मग ती म्हणाली, "साखर घातली होती?"

"व्हय."

"त्यांना साखरेशिवाय चालायचं नाही." तिचा आवाज आता फुटला. "त्या दिवशी सकाळपासून मी फोन लावत होते हो. एवढंच सांगायला, की कोणाकडून तरी दही खाऊन निघा. फोन उचललाच नाही त्यांनी. दहा दिवस मी हेच धरून बसल्ये, की तसेच गेले. तसेच नाही गेले ना?"

"न्हाई वयनी. दोन चमचं."

"माझं काम केलंत तुम्ही, भाऊ," ती म्हणाली. "मुलीच्या लग्नाचं ऐकलं मी. कोणी काही बोललंच तर त्याला म्हणावं, धनंजयच्या बायकोला विचार."

तानाजी फोन कानाला धरून उभाच राहिला, तिने ठेवल्यावरही. खालून मजीदने हॉर्न दिला. सुरैया आत जाऊन वाटी घेऊन आली, माझ्याच विरजणाचं दही, वर साखर, आणि ती तिने माझ्या हातात दिली. "तू दी गो. तुझाच हाय."

मी चमचा भरला. तानाजीने उजवा हात पुढे केला. 

"बाई," तो म्हणाला, "आदी बगून घ्या."

मी चमचा वाटीत ठेवला, त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ब्याण्णव. मग त्याच्या तळहातावर दही घातलं, आणि त्याने ते माझ्यासमोर गिळेपर्यंत मी दारातून हलले नाही.